राहुकाळ तीन जागी तीन वेगळा का दिसतो, आणि मिरगाचं नक्षत्र कॅलेंडरवर का सापडत नाही

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडच्या एका भाऊंनी विचारलं आहे की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी नवीन ट्रॅक्टर घरी आणायचा आहे, मोबाईलमधलं ॲप राहुकाळ दुपारी २.२० ते ४ दाखवून राहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे १.३० ते ३ छापलं आहे, गावातले महाराज २ ते ३.४० सांगतात, आणि खत-बियाणं ज्यांच्या दुकानातून घेतात ते मारवाडी शेठ म्हणतात की अहो त्याच वेळेला तर अमृत चौघडिया आहे, बिनधास्त आणा. यातलं खरं कोणाचं? आणि दुसरा प्रश्न, घरचे बाबाजी म्हणतात मिरग लागला की पेरायचं, पण ८ जूनच्या चौकोनात कॅलेंडरवर भलतंच नक्षत्र लिहिलेलं राहते, मग मृग गेलं कुठं?

दोन्ही प्रश्न खूप चांगले आहेत भाऊ. याच गोष्टींवरून आपल्याकडे घराघरात वाद होतात, आणि वाद पंचांगाचा नसतोच, पंचांगातली कोणती वेळ अख्ख्या देशाची आणि कोणती वेळ फक्त आपल्या गावची हे कोणी सांगितलेलंच नसते त्याचा असतो. एवढं एकदा डोक्यात बसलं की अर्धे प्रश्न जागेवर सुटतात, म्हणून आधी तेच घेतो.

तिथी, नक्षत्र, योग, करण, हे चारही चंद्र आणि सूर्य आकाशात कुठं आहेत त्यावरून ठरतात. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढं गेला की एक तिथी संपली, अशा ३० तिथ्या. आकाशाचे २७ भाग केले, १३ अंश २० कलांचा एकेक, त्यात चंद्र ज्या भागात आहे ते त्या दिवसाचं नक्षत्र. तिथीचा अर्धा भाग म्हणजे करण. आता चंद्र बारा अंश पुढं गेला तो क्षण मुंबईला वेगळा आणि यवतमाळला वेगळा नसतो, सगळ्यांचं घड्याळ एकच, म्हणून "एकादशी दुपारी २.१० पर्यंत" असं छापलं असेल तर ते गडचिरोलीलाही २.१० आणि कोल्हापूरलाही २.१०. यात काही बदल करायचा नाही.

पण राहुकाळ, यमगंड आणि गुलिक (हे दोन राहुकाळासारखेच दिवसाचे टाळायचे भाग), चौघडिया, होरा, अभिजित, लग्नाच्या मुहूर्ताचं लग्न (म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास), चंद्रोदय, हे सगळं तुमच्या गावच्या क्षितिजावर अवलंबून आहे. सूर्य तुमच्याकडे कधी उगवला आणि कधी मावळला त्यावरून दिवसाचे भाग पडतात, आणि आपण विदर्भवाले मुंबई-पुण्याच्या पूर्वेला आहोत, म्हणजे सूर्य आपल्याकडे आधी येतो. रेखांशात एका अंशाला ४ मिनिटं असा हिशोब आहे. मुंबई ७३ अंशाच्या जवळ, यवतमाळ ७८ च्या जवळ, नागपूर ७९, गोंदिया ८० च्या थोडं पुढं. म्हणजे मुंबईपेक्षा यवतमाळचा सूर्य सरासरी वीस-एकवीस मिनिटं आधी, नागपूरचा पंचवीस, गोंदियाचा अर्ध्या तासाला थोडाच कमी. आपल्या आपल्यातही फरक आहे, बुलढाणा आणि गोंदिया यांच्यात साधारण सोळा मिनिटं. शिवाय आपण मुंबईच्या थोडं उत्तरेला आहोत म्हणून उन्हाळ्यात सकाळचा फरक वाढते आणि हिवाळ्यात संध्याकाळचा. यवतमाळच्या आसपास जूनमध्ये सूर्योदय ५.३८ च्या सुमाराला आणि सूर्यास्त ७ ला, मुंबईत तेव्हा ६.०२ आणि ७.१९. डिसेंबरात आपल्याकडे ६.४९ ला उगवतो आणि ५.४२ ला मावळतो, मुंबईत ७.०७ आणि ६.०५. एखाद-दोन मिनिटं इकडं तिकडं धरा, गावागावात तेवढं राहते.

आता तुमच्या तीन राहुकाळांचं पाहू. राहुकाळ म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे आठ सारखे भाग करायचे आणि वाराप्रमाणे एक भाग सोडायचा. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. कॅलेंडरच्या मागे छापलेलं जे १.३० ते ३ आहे ते सूर्य बरोब्बर ६ ला उगवतो आणि ६ ला मावळतो असं धरून केलेलं आहे, दीड-दीड तासाचे आठ भाग, पाठ करायला सोपं, पण आपल्याकडे ६ ला ६ असा दिवस वर्षात नीट जमतच नाही. तुमच्या ॲपमधलं २.२० ते ४ हे मुंबईच्या जूनच्या सूर्याचं आहे, ६.०२ मध्ये साडेनव्व्याण्णव मिनिटांचे पाच भाग मिळवून पहा, जवळपास २.२० येते, म्हणजे ॲप चुकीचं नाही, त्याच्यात गाव मुंबई टाकलेलं आहे आणि तुम्ही ते बदललं नाही. आणि महाराजांनी सांगितलेलं २ ते ३.४० हे आपल्या भागाचं आहे, ५.३८ मध्ये १००-१०० मिनिटांचे पाच भाग टाका, १.५८ ते ३.३८. तर राहुकाळ पाळायचाच असेल तर महाराजांचा बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा, गावच्या सूर्योदयावरून काढणारे आता कमी राहिले.

हिवाळ्यात हा फरक अजून डोळ्यात भरते. रविवारचा राहुकाळ छापील कोष्टकात ४.३० ते ६, पण डिसेंबरात आपल्याकडे ५.४२ ला सूर्यच मावळतो, मग शेवटचा भाग ६ पर्यंत जाईल कसा? खरा तो ४.२० ते ५.४२. आणि सोमवारचा कोष्टकात ७.३० ते ९, तो आपल्याकडे जूनमध्ये ७.१८ ते ८.५८ आणि डिसेंबरात ८.११ ते ९.३२. साडेसातचा राहुकाळ म्हणून डिसेंबरात सकाळी साडेसात-आठला चांगलं काम थांबवून ठेवतात आणि सव्वानवाला, जेव्हा तो खरंच चालू राहते, तेव्हा नारळ फोडतात, असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आणि वाईट वाटते, कारण माणूस मनापासून पाळून राहिला असते.

आता शेठजींचं चौघडिया. तेही चुकीचं सांगत नाहीत. चौघडियात पण दिवसाचे तेच आठ भाग, पण नावं वेगळी: उद्वेग, चल, लाभ, अमृत, काळ, शुभ, रोग, आणि हा क्रम फिरत राहतो. गुरुवार शुभ पासून सुरू होते, मग रोग, उद्वेग, चल, लाभ, आणि सहावा येतो अमृत. राहुकाळही गुरुवारी सहावाच! म्हणजे दर गुरुवारी, वर्षभर, जो तुकडा एका पद्धतीत सगळ्यात टाकाऊ तोच दुसऱ्या पद्धतीत सगळ्यात उत्तम. ही एखाद्या दिवसाची गडबड नाही, दोन पद्धतींची घडणच तशी आहे. राहुकाळ ही मूळ दक्षिणेकडची चाल, आणि आपल्या केळापूर-झरी भागात पैनगंगेपलीकडं लगेच आदिलाबाद लागते, तिकडच्या सोयरिकी आहेत, तेलुगू मंडळी गावात आहेत, त्यामुळे ती आपल्याकडे मुरली. चौघडिया गुजरात-राजस्थानकडून व्यापाऱ्यांसोबत आलं, ते लोक त्याच्यावरच दुकान उघडतात, वही पूजतात. दोन्ही आपापल्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रिती आहेत आणि मला दोन्हींचा आदर आहे, पण दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. गुरुवारी राहुकाळ, यमगंड आणि गुलिक सोडले की सहावा, पहिला, तिसरा गेला, वर चौघडियातले रोग, उद्वेग, काळ सोडले की दुसरा आणि सातवा पण गेला, आठापैकी तीन भाग उरले. एवढ्या चाळण्या लावून गरीब माणसाचा दिवस निघत नाही. तुमच्या घरात आजी-आजोबांपासून जे चालत आलं ते एक धरा, दुसरं ज्याचं त्याला करू द्या.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कोणाला आवडो न आवडो. मुहूर्तात वजन तिथी-नक्षत्राला आहे, राहुकाळ त्याच्या पुष्कळ खाली आहे. आजकाल उलटं झालं, मोबाईलवर राहुकाळ लाल रंगात येते म्हणून लोक त्यालाच घाबरतात, आणि त्या दिवशी अमावस्या आहे का, भद्रा आहे का, व्यतिपात-वैधृती हे अशुभ योग आहेत का हे कोणी पाहतच नाही.

तर ट्रॅक्टरसाठी काय पाहायचं. आधी तिथी: चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता तिथ्या आणि अमावस्या टाळा. नक्षत्र वाहनाला चर किंवा लघु घ्यावं, म्हणजे पुनर्वसू, स्वाती, श्रवण, धनिष्ठा, शततारका, किंवा अश्विनी, पुष्य, हस्त. गुरुवारी पुष्य आलं तर गुरुपुष्य, मग विचारायचंच काम नाही. भद्रा नसावी. भद्रा म्हणजे विष्टी नावाचं करण, ते शुक्ल पक्षात चतुर्थी-एकादशीच्या उत्तरार्धात आणि अष्टमी-पौर्णिमेच्या पूर्वार्धात येते, कृष्ण पक्षात तृतीया-दशमीच्या उत्तरार्धात आणि सप्तमी-चतुर्दशीच्या पूर्वार्धात. २०२३ च्या राखीला आठवते का, ३० ऑगस्टला पौर्णिमा होती पण रात्री नऊपर्यंत भद्रा, बहिणी दिवसभर ताटकळल्या, ती हीच. भद्रा तिथीवरून निघते म्हणून तिची वेळ सगळीकडे सारखी, इथं गावचा फरक करायचा नाही.

एवढं जमलं की मग घडी. गुरुवारी आपल्याकडे अभिजित मुहूर्त घ्या. सूर्योदय आणि सूर्यास्त यांचा बरोबर मध्य काढायचा आणि त्याच्या आधी-नंतर साधारण एक घटी, म्हणजे २४ मिनिटं धरायची. जूनमध्ये आपल्याकडे मध्य १२.१८-१२.१९ ला येते आणि दिवस मोठा म्हणून घटीपेक्षा थोडं जास्त मिळते, तर ११.५५ ते १२.४५ हा काळ घ्या. राहुकाळ दोनला लागतो, तो लांब राहिला. यमगंड सकाळीच गेला. चौघडिया तेव्हा चल आणि मग लाभ, दोन्ही चालतात, वाहनाला तर चल चांगलंच. महाराज खूश, शेठजी खूश, बाबाजी खूश. शोरूमवाल्याला आधी सांगून ठेवा की साडेबाराच्या आत चावी हातात पाहिजे, नाहीतर कागदपत्रांत तीन वाजवतात. अभिजित फक्त बुधवारी घेत नाहीत, बाकी वारांना घड्याळ न पाहताही काढता येते: अंगणात एक काठी सरळ उभी करा, सावली सगळ्यात आखूड झाली की तो तुमच्या गावचा मध्यान्ह, घड्याळात तेव्हा बारा नसतात, आपल्या भागात नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून एखादं मिनिट होते आणि फेब्रुवारीत १२.३० च्या वर जाते.

अजून एक, पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलते, रात्री बाराला नाही. गुरुवारी पहाटे चारला निघायचं असेल तर पंचांगाच्या हिशोबाने तो अजून बुधवारच आहे.

हाच गावच्या सूर्याचा मुद्दा लग्नात तर फारच लागते. पत्रिकेत मुहूर्त छापताना पुण्या-मुंबईच्या यादीतला जसाच्या तसा उचलतात. गोरज मुहूर्त म्हणजे सूर्यास्ताच्या आसपासचा, गाई रानातून परत येतात तेव्हाचा. डिसेंबरात मुंबईचा सूर्यास्त ६.०५ चा म्हणून "सायंकाळी ६ वा. ५ मि." छापलं, पण आपल्याकडे तेव्हा सूर्य मावळून बावीस-तेवीस मिनिटं झालेली राहतात, काळोख पडायला लागते. दिवसाचे मुहूर्त जे लग्नराशीवर काढतात त्यांचंही तसंच, रास आपल्याकडे आधी उगवते. त्यात वरातीचा नाच दीड तास. मी वधूपित्याला नेहमी सांगतो की मुहूर्त आपल्या तालुक्याच्या सूर्योदयाने काढून घ्या आणि वेळेवर अक्षता पडतील एवढं पहा, बाकी मांडव किती मोठा याने काही होत नाही.

बायांसाठी महत्त्वाचं, संकष्टी चतुर्थी. दिवसभर उपास, आणि चंद्र पाहून सोडायचा. कॅलेंडरवर चंद्रोदय बहुतेक मुंबईचा राहते, आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटं आधी चंद्र वर आलेला असते. माझ्या घरातली माणसं आधी छापील वेळेची वाट पाहत बसायची, आता अंगणात जाऊन पाहतात. दिसला की दिसला, अर्घ्य द्या.

तिथी सगळीकडे सारखी असूनही सण दोन दिवशी का येतात हे पण याच्यातच आहे. तिथीची लांबी १९ तासांपासून २६ तासांपर्यंत बदलते, आणि प्रत्येक सणाची वेळ वेगळी: गणेश चतुर्थी मध्यान्हाला पाहिजे, रामनवमी मध्यान्हाला, जन्माष्टमी मध्यरात्रीला, दसरा अपराण्हाला, लक्ष्मीपूजन प्रदोषाला म्हणजे सूर्यास्तानंतर. २०२४ च्या दिवाळीला केवढा गोंधळ झाला. अमावस्या ३१ ऑक्टोबरला दुपारी पावणेचारनंतर लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाला संपली. उत्तरेकडं पुष्कळांनी ३१ ला पूजन केलं, आपल्या मराठी पंचांगांनी १ तारीख दिली. १ तारखेला मुंबईत सूर्य ६.०५ ला मावळला म्हणजे अमावस्या सूर्यास्तानंतर दहा-अकरा मिनिटंच होती, आपल्याकडे ५.४३ ला मावळला, म्हणजे अर्धा तास पुरता मिळाला. मला तेव्हा लोकांनी विचारलं की काय करायचं, मी १ तारीखच सांगितली आणि पूजा सूर्यास्त झाल्या झाल्या मांडायला सांगितली. एकादशीचं पण असंच, सूर्योदयाच्या आधी चार घटी, म्हणजे ९६ मिनिटं, अरुणोदय असते, त्यात दशमी शिल्लक असेल तर वारकरी म्हणजे भागवत दुसऱ्या दिवशी धरतात, म्हणून स्मार्त आणि भागवत असं दोनदा छापलेलं दिसते. माळकरी घर असेल तर भागवत धरा.

महालक्ष्म्यांचं तर अजूनच वेगळं, आणि हा प्रश्न मला दर भादव्यात येते. गणपती बसल्यावर कोणत्या दिवशी महालक्ष्म्या याव्या हे तिथीवर नाहीच, नक्षत्रावर आहे: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, म्हणून त्यांना ज्येष्ठागौरी म्हणतात, आणि मूळवर विसर्जन. २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरचे आणि महालक्ष्म्या १० ला आल्या, २०२५ ला गणपती २७ ऑगस्टचे आणि महालक्ष्म्या ३१ ला. कधी तीन दिवसांनी, कधी चार. यात कोणी चुकलेलं नाही. आंबील आणि सोळा भाज्यांची तयारी गणपतीपासून दिवस मोजून नाही, पंचांगातलं अनुराधा पाहून करा.

वरूड-मोर्शी, रामटेक, गोंदियाकडच्या लोकांची सोयरीक बैतूल, छिंदवाडा, बालाघाटला राहते, त्यांच्याकडे श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागते. आपला महिना अमावस्येला संपते (अमांत), त्यांचा पौर्णिमेला (पूर्णिमांत). शुक्ल पक्षाचं नाव दोघांचं सारखं, कृष्ण पक्षात त्यांचं नाव एक महिना पुढं. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशी, त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, दिवस एकच. फक्त श्रावण सोमवार मोजायला घोळ होते, तेव्हा सुनेनं माहेरचे धरायचे की सासरचे हे घरात ठरवून घ्या, दोन्ही बरोबर आहेत. मोबाईलमध्ये हिंदी ॲप टाकलं असेल तर तिथंही पूर्णिमांत लावलेलं राहते, ते बदलून अमांत करा, आणि गावाच्या जागी आपला तालुका किंवा जवळचं मोठं शहर टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

पंचकाबद्दल विचारलं नाही तरी सांगतो, कारण याच्यावरून लोकांना फार भीती घालतात. चंद्र कुंभ आणि मीन राशीत असते, धनिष्ठाच्या अर्ध्यापासून रेवती संपेपर्यंत, तो काळ पंचक. तो दर महिन्याला येते, पाच दिवसांच्या जवळपास. म्हणजे वर्षातला सहावा हिस्सा पंचकच आहे, मग गावात होणाऱ्या सहा मृत्यूंपैकी एखादा त्यात येणारच. एखाद्याच्या घरी म्हातारं माणूस गेलं आणि लगेच कोणी म्हणते पंचकात गेले, आता घरातले अजून पाच जातील, हे ऐकून आधीच रडणाऱ्या बाईचं काय होत असेल. शास्त्रात त्याचा साधा विधी आहे, दर्भाच्या किंवा पिठाच्या पाच पुतळ्या देहासोबत ठेवतात आणि मग अग्नी देतात, झालं. त्याला हजारो रुपये लागत नाहीत. कोणी शांतीच्या नावावर वावर गहाण ठेवायला लावेल एवढी रक्कम सांगत असेल तर त्याला हात जोडा आणि दुसऱ्या कोणाला बोलवा. मूळ नक्षत्रावर लेकरू झालं म्हणून तोंड पाहायचं नाही असं म्हणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे, लेकरू आधी आईच्या कुशीत द्या.

आता बाबाजींचा मिरग. बाबाजी बरोबर आहेत आणि कॅलेंडरही बरोबर आहे. कॅलेंडरच्या चौकोनात रोजचं जे नक्षत्र राहते ते चंद्राचं, चंद्र साधारण एका दिवसात एक नक्षत्र ओलांडते. शेतकऱ्याचं नक्षत्र सूर्याचं. सूर्याला तीच सत्तावीस नक्षत्रं फिरायला पूर्ण वर्ष लागते, म्हणून एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस. २५ मेच्या सुमाराला रोहिणी, ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, ५-६ जुलैला पुनर्वसू, मग पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, सप्टेंबरच्या शेवटी हस्त ज्याला आपण हत्ती म्हणतो, मग चित्रा, आणि २३-२४ ऑक्टोबरला स्वाती. चौकोनात खाली बारीक अक्षरात "मृग नक्षत्रात सूर्य, वाहन अमुक" असं लिहिलेलं राहते, ते वाचा, बाबाजींचा मिरग तिथं आहे. वाहन म्हणजे घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यातलं एक, ते सूर्याच्या नक्षत्रापासून त्या दिवशीच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागून काढतात. बेडूक, म्हैस, हत्ती आलं की लोक खूश होतात की पाऊस भरपूर. पण वाहन अख्ख्या देशाला एकच निघते आणि पाऊस तर आपल्या एका धुऱ्यावर पडते आणि दुसऱ्यावर नाही, तेव्हा वाहन पाहून सरकीची थैली फोडू नका.

मिरगाला पेरायचं ही म्हण आली ती अनुभवातून. मोसमी पाऊस विदर्भात जूनच्या मध्याला पोचते, आणि मृग ८ जून ते २१ जून, म्हणजे तो अंदाज पक्का होता. पण मिरग म्हणजे ते चौदा दिवस, पहिला दिवस नाही. जुने लोक मिरगाच्या पहिल्या दिवशी तिफणीची पूजा करायचे, बैलाला हळद लावायचे आणि मग आभाळाकडे पाहायचे. पूजा मिरगाच्या पहिल्या दिवशी जरूर करा, मूठभर दाणे वावरात टाका, त्यासाठी दिवस चांगलाच आहे, पण सगळं बियाणं त्या दिवशी नाही. कृषी विभाग आणि अकोल्याचं पंजाबराव कृषी विद्यापीठ सांगते ना की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, ते ऐका. पहिल्या एका सरीवर पेरलं आणि मग खंड पडला तर दुबार पेरणी, सोयाबीनच्या थैलीचा भाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि कपाशी तर १ जूनच्या आधी लावूच नका, गुलाबी बोंडअळीमुळे. स्वातीचा पाऊस पडला तर मोती पिकतात असं म्हणतात, ते हरभऱ्याला खरं असेल, आपल्या फुटलेल्या कपाशीला तो पाऊस काळा करून टाकते.

पेरणीला मुहूर्त पाहायचाच तर एवढं पहा: पाऊस पुरेसा झाला, वावर वाफशावर आलं, आणि त्या दोन-तीन दिवसांत अमावस्या किंवा भद्रा नाही असा दिवस मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर वाफसा सोडू नका, आपल्या काळ्या जमिनीचा वाफसा थांबत नाही. नारळ फोडा, बळीराजाचं नाव घ्या आणि पेरा, राहुकाळ असला तरी.

तुमच्या तालुक्याचा सूर्योदय-सूर्यास्त कसा काढायचा तेही सांगून ठेवतो. मोठ्या छापील पंचांगात मागच्या पानांवर गावांचे रेखांश आणि सूर्योदयाची कोष्टकं राहतात, नाहीतर मोबाईलच्या हवामानाच्या पानावर गाव टाका, दोन्ही वेळा येतात. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा वेळ मिनिटांत मांडून आठने भागा, तो एक भाग, गुरुवार असेल तर पाच भाग सूर्योदयात मिळवा, की राहुकाळाची सुरुवात आली. बाबाजींना कागदावर एकदा करून दाखवा. जुनं पंचांग असेल तर त्यात घटी-पळं राहतात, ती सूर्योदयापासून मोजायची, अडीच घटी म्हणजे एक तास, ते बाबाजीच तुम्हाला जास्त चांगलं शिकवतील.